नाव सोडलेली नव्हती, पाणी सरकलं होतं

आजचा भाग एका चुकलेल्या कॅप्शनपासून सुरू होतो, आणि चूक माझीच आहे.

मे महिन्यातला रविवार. संभाजीनगरहून बाईकवर सकाळीच पैठणला गेलो होतो. नाथसागरचं पाणी बरंच आत गेलेलं. भेगाळलेल्या गाळावर एक लाकडी नाव कलंडून पडली होती, आजूबाजूला चिटपाखरू नाही. फोन काढला, ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर लावला, क्लिक केलं. फोटो भारी आला. तिथेच उभं राहून पोस्ट केला आणि खाली लिहिलं : 'बेवारस नाव, थांबलेला काळ'.

थोड्या वेळाने एक काका मोटारसायकलवर जाळं बांधून आले. म्हणाले, "भाऊ, नावेचा फोटो काढायले का?" मी विचारलं, ही नाव कुणी सोडून दिली? ते हसले. "सोडून कोण देतंय? माझीच हाय. पाणी सरकलं, ती हितंच ऱ्हायली. पाणी आलं की चालू."

घरी येऊन फोटो परत पाहिला. नाव शंभर वर्षं जुनी वाटत होती. मग प्रश्न पडला, ती मला जुनी का वाटली?

यासाठी थोडं मागे जाऊ. आपल्याच जिल्ह्यात, अजिंठ्याला, १८४४ मध्ये रॉबर्ट गिल नावाचा लष्करी अधिकारी पाठवला गेला. काम होतं लेण्यांमधल्या चित्रांच्या रंगीत प्रती करण्याचं. त्याने त्यात कित्येक वर्षं घातली. त्या प्रती लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या आणि १८६६ च्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. दरम्यान गिल फोटोग्राफीकडे वळला होता. १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासोबत त्याचे फोटो पुस्तकरूपात आले. म्हणजे रंग जळाले आणि काळे-पांढरे फोटो उरले.

त्या काळच्या काचेच्या ओल्या प्लेटची एक गंमत आहे. तिला निळा प्रकाश चटकन दिसायचा, लाल जवळजवळ दिसतच नसे. आकाश पांढरंफटक यायचं, गेरूचा लाल काळा पडायचा. त्या फोटोग्राफरला दुसरा पर्यायच नव्हता. आपल्या फोनचं उलट आहे. त्याचा सेन्सर लाल, हिरवा, निळा असे तिन्ही रंग टिपतो आणि फिल्टर ते नंतर काढून टाकतो. मी रोज सॉफ्टवेअर लिहितो, डेटा फेकून देणं म्हणजे काय ते मला कळायला हवं होतं. त्या फोटोतून गाळाचा ओला तपकिरी पट्टा गेला, पाणी नुकतंच कुठवर होतं ती रेघ गेली, नावेवरचा ताजा निळा रंग गेला. नाव वापरात आहे हे सांगणारी प्रत्येक खूण मीच पुसली, आणि वर लिहिलं 'बेवारस'.

पैठण आणि नाव हे नातं मात्र खरंच जुनं आहे. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान ती हीच. समुद्र इथून दूर, तरी सातवाहनांच्या काही नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे. यज्ञश्री सातकर्णीची अशी नाणी प्रसिद्ध आहेत, आणि ती मुख्यतः पूर्व किनाऱ्याच्या बाजूला मिळतात. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर सांगितलं आहे. तिथला माल गाड्यांवर लादून बंदराला जायचा. जहाज नाण्यावर, पण पैठणकरांच्या दारात बैलगाडी! अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातही तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे.

मग पैठणला मैलोन् मैल पसरलेलं पाणी आलं कधी? अगदी अलीकडे. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. मूळ योजना बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळची होती. जागा बदलली, नाव तेच राहिलं. मातीचं सुमारे दहा किलोमीटर लांब धरण, २७ दरवाजे, साठा सुमारे १०३ टीएमसी. पूर्ण भरलं की पातळी १५२२ फूट. आणि या पाण्याखाली शंभरच्या आसपास गावं गेली.

काकांचं गाव त्यातलंच. "आज्याची जमीन हितंच खाली हाय," असं म्हणत त्यांनी पाण्याकडे हात केला. आजोबा शेतकरी, नातू मासेमार. ज्या पाण्याने शेत घेतलं, त्याच पाण्यावर घर चालतं.

नाथसागर बशीसारखा उथळ आहे. पातळी थोडी उतरली तरी काठ खूप आत सरकतो, आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर लोक गाळपेर करतात. पाणी जातं कुठे? काही उन्हाने उडून जातं. काही डाव्या आणि उजव्या कालव्यांतून शेतीला जातं. काही उद्योगांना, आणि काही आपल्या शहरात प्यायला येतं. नळाला पाणी चार दिवसांनी आलं की आपण चिडतो, पण येतं ते इथूनच. ती नाव कोरडी पडली त्यात माझ्या घरातल्या हंड्याचाही वाटा आहे. मी मात्र तिचा फोटो असा काढला, जणू हे सगळं कुठल्या तरी जुन्या काळाने केलं.

ब्लॅक अँड व्हाइटला माझा विरोध नाही. फोटो मी तसाच ठेवला, फक्त कॅप्शन बदललं : 'नाथसागर, मे महिना. पाणी उतरलंय. नाव वापरात आहे.' लाइक्स कमी आले, चालायचंच.

तुम्हीही एखादी पडकी वस्तू टिपली, तर पोस्ट करण्याआधी दहा मिनिटं तिथेच थांबा. कदाचित कुणीतरी जाळं घेऊन येईल.

सप्टेंबरात परत गेलो. जिथे मी उभा होतो तिथे छातीभर पाणी होतं. नाव जागेवर नव्हती. कामावर गेली असावी.