दारावरची विक्री: १८८६ पासून आमच्या बैठकीपर्यंत

आजचं बोलणं जरा लांबून सुरू होणार आहे, तेव्हा हातातलं काम चालू ठेवा. शेंगा फोडत ऐकलं तरी चालेल.

मागच्या महिन्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत कर्जाच्या मागण्या वाचून दाखवत होते. एकीला शेळी घ्यायची होती, एकीला मुलीची नर्सिंगची फी भरायची होती, एकीला पिको-फॉलचं मशीन हवं होतं. चौथी मागणी आली ती पंधरा हजारांची. कारण लिहिलं होतं, "नैसर्गिक घरगुती उत्पादनांचा घरबसल्या व्यवसाय." फरशी पुसायचं द्रव, भांड्याचं लिक्विड, कपड्यांचं, हात धुवायचं, सगळं म्हणे वनस्पतींपासून. आधी पेटी घ्यायची, ओळखीत विकायची आणि आपल्या हाताखाली आणखी बायका जोडायच्या. अध्यक्षताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही सांगा, द्यायचं का?"

मी म्हटलं, पुढच्या बैठकीत सांगते. त्याला कारण होतं. अशीच एक पेटी सहा वर्षांपासून माझ्या पलंगाखाली आहे. तिच्याविषयी पुढे सांगेन. आधी घरी येऊन बसले, आणि बी.ए.ला इतिहास घेतला होता त्याचा काही उपयोग होतो का ते बघितलं. ही पद्धत आली कुठून?

दारावर येऊन विकणं आपल्याला नवं नाही. कासारीण घरात येऊन बांगड्या भरायची. बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी द्यायची आणि कुठल्या साडीवर किती वाटी येते यावर अर्धा तास हुज्जत चालायची. या बायकांना प्रत्येक घरातली सून, बाळंतीण, लग्नाची मुलगी ठाऊक असायची. ओळख हेच त्यांचं भांडवल. पण एक गोष्ट लक्षात घ्या. कासारणीने बांगड्या भरताना कधी असं म्हटलं नाही की, वहिनी, तुम्हीही कासारीण व्हा, म्हणजे तुमच्या विक्रीतले चार पैसे मला मिळतील.

ही दुसरी कल्पना अमेरिकेतून आली. तीही एकदम आली नाही. १८८६ साली न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅककॉनेल नावाचा गृहस्थ दारोदार पुस्तकं विकायचा. गिऱ्हाइकांना खूश करायला पुस्तकासोबत तो अत्तराची लहान बाटली फुकट द्यायचा. त्याच्या ध्यानात आलं की बायकांना पुस्तकापेक्षा अत्तरच जास्त आवडतंय. त्याने अत्तराची कंपनी काढली. तीच पुढे एव्हन या नावाने जगभर गेली. तिची पहिली विक्रेती पर्सिस आल्बी, न्यू हॅम्पशायर राज्यातली मध्यमवयीन गृहिणी. ती स्वतः हिंडून माल विकायची आणि दुसऱ्या बायकांनाही कामाला लावायची. तिथल्या बायकांना देशभर मतदानाचा हक्क मिळायला १९२० साल उजाडलं, हे मनात ठेवून याच्याकडे बघा. नोकरी मिळत नव्हती, दुकान टाकायला पैसा नव्हता, आणि कुणीतरी म्हणतंय की ही पिशवी घे, आपल्याच ओळखीत हिंड आणि स्वतःचे पैसे कमव. बायका गेल्या यात काय नवल? मीही गेले असते.

दुसरी बाई मला फार जवळची वाटली. ब्राउनी वाइज. घटस्फोटित, एक मुलगा, घर चालवायचं. ती बायकांना एखादीच्या घरी जमवून माल दाखवायची आणि विकायची. दुकानात टपरवेअरचे डबे पडून राहायचे, कारण त्यांचं झाकण कसं दाबून बसवायचं हेच गिऱ्हाइकाला कळत नव्हतं. वाइजच्या बैठकीत ते हाताने करून दाखवलं जाई. १९५१ साली मालक अर्ल टपरने डबे दुकानांतून काढून घेतले आणि विक्रीचा सगळा कारभार तिच्याकडे दिला. १९५४ साली 'बिझनेस वीक' या मासिकाच्या मुखपृष्ठावर ती झळकली. तो मान मिळालेली ती पहिली बाई. आणि १९५८ साली तिला काढून टाकलं. साधारण वर्षभराच्या पगारावर बोळवण केली. जी कंपनी तिने उभी केली तिचा एकही शेअर तिच्या नावावर नव्हता.

हे वाचून मी बराच वेळ तशीच बसून होते.

आता साखळीचं बघू. १९४५ च्या सुमारास न्यूट्रिलाइट नावाच्या पूरक आहाराच्या विक्रीत अशी योजना आली की, तुम्ही आणलेल्या विक्रेत्यांनी जो माल विकला त्यावरही तुम्हाला हिस्सा मिळेल. त्याच योजनेत काम केलेल्या दोन मित्रांनी, रिच डिव्हॉस आणि जे व्हॅन अँडेल यांनी, १९५९ साली मिशिगनमधल्या एडा गावात घराच्या तळघरातून ॲमवे सुरू केली. पहिला माल काय होता? घर साफ करायचं द्रव. नावातच 'ऑरगॅनिक' होतं. १९६० साली शॅकली कंपनीचं बेसिक-एच आलं, तेही तसलंच. म्हणजे आमच्या बैठकीत आलेल्या पेटीची पणजी साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच जन्मली होती.

तेव्हाच्या त्या मालात तथ्य होतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्या काळात अमेरिकेत जी डिटर्जंट पावडर चालायची तिचं पाण्यात विघटन होत नसे. नद्यांवर फेसाचे डोंगर यायचे, काही ठिकाणी नळाच्या पाण्यालासुद्धा फेस यायचा. पाण्यात कुजून जाणारं साफसफाईचं द्रव ही खरीच गरज होती. पण १९६५ पर्यंत तिथल्या मोठ्या साबण कारखान्यांनीही आपलं रसायन बदललं, आणि वाण्याच्या दुकानातली साधी पावडरही कुजणारी झाली. फरक कमी झाला, पण 'नैसर्गिक' हा शब्द बाटलीवर राहिला आणि किंमतही राहिली. आपल्याकडे रिठा आहे, शिकेकाई आहे, भांड्यांना राख होती. ते नैसर्गिक होतं, हे कुणी छापून सांगितलं नव्हतं. बाटलीवर पानाचं चित्र असलं तर मागच्या बाजूचं बारीक अक्षर वाचा. आत काय आहे, कुणी बनवलं, कधी बनवलं, किती मिलीलिटर. मी गटांना हेच सांगते आणि सगळ्या जणी म्हणतात, चष्मा घरी राहिला.

गंमत बघा, १९५९ हेच साल आपल्याकडेही महत्त्वाचं आहे. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल ऐंशी रुपये, तेही छगनलाल पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं पापड झाले. तेच लिज्जत. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तिथे पद्धत अशी की, भिजवलेलं पीठ केंद्रातून घरी न्यायचं, लाटायचं, परत आणून द्यायचं आणि मजुरी घ्यायची. काम करणारी प्रत्येक जण बहीण आणि प्रत्येक बहीण मालकीण. नफा-तोटा सगळ्यांचा. पुढे लिज्जतने कपडे धुवायची 'ससा' पावडरही काढली.

एडाच्या तळघरात आणि गिरगावच्या गच्चीवर, दोन्हीकडे घरातूनच धंदा निघाला. लिज्जतची बहीण पीठ आणताना पैसे भरत नाही, ती पापड देऊन पैसे नेते. साखळीतली बाई आधी पैसे भरून माल घेते. विकला गेला नाही तर तो तिच्या घरात राहतो. कर्जाच्या अर्जाकडे बघताना माझी नजर आधी इथे जाते.

माझ्या घरात तो राहिला. सहा वर्षांपूर्वी एका मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. टाळ्या, गाणी, स्टेजवर चेक. मी नऊ हजार चारशेचा माल उचलला. वर आपल्या हाताखाली कुणी हवं म्हणून थोरल्या जाऊबाईंना आणलं. त्यांनी शिलाईचे साठवलेले नऊ हजार घातले. माझ्या बाटल्या पहिल्या महिन्यात गेल्या त्या आत्याने, मावशीने आणि शेजारणीने माझ्याकडे बघून घेतल्या म्हणून. दुसऱ्या महिन्यात त्याच बायका मला येताना पाहून दार लोटून घ्यायला लागल्या. जाऊबाईंच्या तर तीनच गेल्या. त्यानंतर दोन वर्षं आम्ही संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही एकमेकींकडे गेलो नाही. त्यांचे पैसे मी हप्त्याहप्त्याने फेडले. त्या म्हणतात, सहाशे राहिलेत. मी म्हणते, चारशे.

तेव्हा मी जे गणित केलं नाही, ते आता करून दाखवते. समजा अर्ध्या लिटरची बाटली ४५० रुपयांना. कंपनीची बाई म्हणते, एका बादलीला एक झाकण पुरे. झाकण दहा मिलीचं, म्हणजे पन्नास बादल्या, म्हणजे बादलीला नऊ रुपये. दुकानातलं ऐंशी रुपये लिटरचं फिनाइल बादलीला चाळीस मिली घातलं तरी पंचवीस बादल्या होतात, बादली पडली सव्वातीन रुपयांना. आता बाटलीमागे २० टक्के सुटतात असं धरा, म्हणजे नव्वद रुपये. महिन्याला तीन हजार मिळवायचे तर चौतीस बाटल्या खपल्या पाहिजेत. रोज एक बादली वापरणाऱ्या घराला एक बाटली पन्नास दिवस जाते. म्हणजे कायम घेणारी किमान ५७ घरं हवीत. वरून एसटीचं भाडं, मोबाइलचं रिचार्ज आणि उधारी.

मग ते सांगतात, विक्रीवर कशाला अवलंबून राहता, माणसं जोडा. प्रत्येकीने सहा जोडायच्या. सहा, छत्तीस, दोनशे सोळा, आणि चौथ्या पायरीला बाराशे शहाण्णव. आमच्या गावात उंबरे नऊशे आहेत.

हा प्रश्न कोर्टकचेऱ्यांपर्यंत गेलेला आहे. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १९७९ मध्ये ॲमवेच्या पद्धतीवर निकाल दिला. ती बेकायदा साखळी नाही असं आयोग म्हणाला, कारण नुसती माणसं आणण्याचे पैसे मिळत नव्हते, न खपलेला माल परत घेण्याची सोय होती, घेतलेल्या मालातला ७० टक्के विकलाच पाहिजे असा नियम होता आणि दर महिन्याला दहा वेगळ्या गिऱ्हाइकांना विकलं पाहिजे असाही होता. मात्र किमती बांधून ठेवल्याबद्दल आणि कमाईची फुगवलेली चित्रं दाखवल्याबद्दल आयोगाने त्याच कंपनीला दोषी धरलं. आपल्याकडे पैशांची साखळी करणाऱ्या योजनांवर १९७८ सालापासून कायद्याने बंदी आहे. नव्वदच्या दशकात या कंपन्या भारतात आल्या. टपरवेअर १९९६ मध्ये, ॲमवेने विक्री सुरू केली १९९८ मध्ये. २००७ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ॲमवेची योजना त्या १९७८ च्या कायद्याखाली येते असं म्हटलं. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने थेट विक्रीचे नियम काढले. त्यांत पिरॅमिड योजनेला मनाई आहे. विक्रेत्याकडे ओळखपत्र हवं आणि आधी विचारल्याशिवाय त्याने कुणाच्या घरी जाऊ नये, असंही आहे. अडचण आली तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, लिहून ठेवा.

म्हणून त्या १९७९ च्या निकालातली दहा गिऱ्हाइकांची अट मी सरळ उचलली. या महिन्याच्या बैठकीत त्या ताईंना म्हटलं, कर्ज नको असं मी म्हणत नाही. तुमची बोलण्याची हातोटी माझ्यापेक्षा चांगली आहे. आधी तुमच्या वरच्या बाईंकडून पाच-सहा बाटल्या विक्रीनंतर पैसे देण्याच्या बोलीवर आणा. दोन महिने विका. दुसऱ्या महिन्यात पुन्हा पैसे देऊन बाटली घेणाऱ्या दहा जणींची यादी आणा, त्यांत नातेवाईक नको आणि साखळीत आलेली नको. माल परत घेतात का, किती दिवसांत घेतात, ते कागदावर लिहून आणा. मग पंधरा हजारांचं बोलू.

त्या जरा रागावल्या. म्हणाल्या, "शेळीला कुणी यादी मागितली नाही." मी म्हटलं, शेळी उद्या बाजारात विकता येते. त्यावर कोषाध्यक्षताई हसल्या आणि ठराव वहीत लिहिला गेला. बैठक संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "मॅडम, तुमच्या पलंगाखालचं सांगितलंत, ते अजून चांगलं आहे का हो?" मी घरी जाऊन तारीख बघितली. मुदत कधीच संपली आहे. मी त्याने अंगण धुते.