कोनांच्या जोड्या : पाठांतरापासून गटकार्यापर्यंत

दोन रेषा एका बिंदूत छेदल्या की चार कोन तयार होतात, आणि त्यांपैकी एकाचे माप कळले की उरलेल्या तिन्ही कोनांची मापे न मोजताच सांगता येतात. कोनांच्या जोड्या हा घटक शालेय गणितात मोलाचा ठरतो तो याच कारणाने. मोजून मिळालेले ज्ञान आणि विचाराने मिळालेले ज्ञान यांतील फरक विद्यार्थ्याला बहुधा येथेच प्रथम जाणवतो. हा घटक शिकवण्याचा इतिहास पाहिला, तर हाताने मोजणे, तर्काने सिद्ध करणे आणि सोबत्यांशी बोलत शिकणे ही शिक्षणाची तीन अंगे वेगवेगळ्या परंपरांत वाढली आणि दीर्घकाळ एकमेकांपासून दूर राहिली, असे दिसते. आजच्या माध्यमिक वयाच्या उंबरठ्यावरील वर्गांत गटकार्याला जे महत्त्व आहे, ते या तीन अंगांचा मेळ घालण्याच्या त्याच्या क्षमतेमुळे आहे.

या विषयाची तर्कशुद्ध मांडणी इसवी सनापूर्वी सुमारे ३०० या काळात ग्रीक गणिती युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या तेरा भागांच्या ग्रंथात आढळते. एका सरळ रेषेवर दुसरी रेषा उभी राहिली असता होणाऱ्या दोन कोनांची बेरीज दोन काटकोनांएवढी असते, हे त्याच्या पहिल्या भागातील तेरावे विधान होय. आज याच कोनांना रेषीय जोडीतील कोन म्हणतात. छेदणाऱ्या दोन रेषांमुळे होणारे समोरासमोरचे कोन, म्हणजेच परस्पर विरुद्ध कोन, समान असतात हे पंधरावे विधान त्या तेराव्या विधानावरूनच सिद्ध होते. प्रोक्लस या पाचव्या शतकातील भाष्यकाराने युडेमसचा हवाला देऊन असे नोंदवले आहे की, हा गुणधर्म थेलीसला ठाऊक होता, परंतु त्याची शास्त्रीय सिद्धता युक्लिडने दिली. दोन समांतर रेषांना छेदणाऱ्या तिसऱ्या रेषेमुळे, म्हणजे छेदिकेमुळे, होणाऱ्या संगत, व्युत्क्रम आणि आंतरकोनांचा विचार सत्तावीस ते एकोणतीस या विधानांत येतो, आणि युक्लिडने आपले प्रसिद्ध पाचवे गृहीतक प्रथम वापरले ते एकोणतिसाव्या विधानात.

भारतीय परंपरेची वाट निराळी होती. शुल्बसूत्रांतील वेदीरचना दोरी आणि खुंट्या यांच्या साहाय्याने होत असे, तर आर्यभटापासून भास्कराचार्यांपर्यंतच्या ज्योतिर्गणितात भर होता तो काटकोन त्रिकोणाच्या भुजा, कोटी आणि कर्ण या बाजूंच्या लांबींवर व वर्तुळाच्या चापाशी निगडित अशा ज्येवर. दोन रेषांमधील कोन हा स्वतंत्र अभ्यासविषय त्या परंपरेत फारसा पुढे आला नाही. युक्लिडचा ग्रंथ संस्कृतात आला तो अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, जयपूरचे सवाई जयसिंह यांच्या आश्रयाने जगन्नाथ सम्राट यांनी नसीरुद्दीन तूसीच्या अरबी आवृत्तीवरून रचलेल्या ‘रेखागणित’ या ग्रंथाच्या रूपाने. मात्र हा ग्रंथ विद्वानांच्या वर्तुळातच राहिला आणि मुंबईत तो छापून निघाला तो १९०१-०२ मध्ये. तोपर्यंत मराठी मुलांच्या हाती दुसऱ्याच मार्गाने भूमिती पोहोचली होती.

तो मार्ग मुंबई इलाख्यातील नव्या शिक्षणाचा होता. १८२२ मध्ये शालेय पुस्तके आणि शाळा यांसाठी मुंबईत जी संस्था स्थापन झाली, तिने देशी शाळांची पाहणी करून पुस्तकांचा, पद्धतीचा, शिक्षकांचा आणि पैशाचा अभाव हे चार मुख्य दोष नोंदवले. या संस्थेच्या कामात अग्रभागी असलेले लष्करी अभियंते कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी १८२० च्या दशकात स्थानिक शास्त्रींच्या साहाय्याने गणिताची पुस्तके मराठीत आणली. प्रत्यक्ष आकृती काढण्याचे ज्ञान देणारे ‘कर्तव्यभूमिति’ हे त्यांपैकीच एक होय. १८२३ मध्ये सुरू झालेल्या आणि त्यांच्याच देखरेखीखालील अभियांत्रिकी विद्यालयात देशी भाषांतून शिक्षण दिले जाई. मराठीतील शालेय भूमिती अशा प्रकारे मोजणीच्या आणि बांधकामाच्या गरजेतून जन्मली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी जमीन महसुलाच्या नव्या पाहणीला जे वळण दिले, त्यानेही मोजणीदारांची मोठी मागणी निर्माण केली. शेताच्या मोजणीत रूढ असलेल्या शंकुसाखळीच्या पद्धतीत साखळीने अंतर मोजले जाते आणि शंकूने काटकोन साधला जातो. त्यामुळे तेथे कोनाचे ज्ञान हे हाताचे कौशल्य असते आणि सिद्धतेवाचून त्याचे अडत नाही.

याच काळात सोबत्यांकडून शिकण्याची कल्पनाही नव्या शाळांत शिरत होती, आणि तिची मुळे भारतातच होती. पंतोजींच्या शाळेत मोठी मुले लहानांना धूळपाटीवर अक्षरे गिरवायला लावीत आणि पाढे, पावकी, निमकी यांचा परवचा सर्वांनी मिळून म्हटला जाई. मद्रास येथील लष्करी अनाथालयाचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनी स्थानिक मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहिली, मुलांनीच मुलांना शिकवण्याची पद्धत आपल्या संस्थेत बसवली आणि १७९७ मध्ये लंडनमध्ये तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. जोसेफ लँकेस्टर यांनी अशाच पद्धतीचा इंग्लंडमध्ये प्रसार केला आणि पुढे ती नव्या रूपात हिंदुस्थानात परतली. तथापि या पद्धतीला आजच्या अर्थाने गटकार्य म्हणता येणार नाही. तीत वरच्या मुलाने ठरलेला पाठ खालच्या मुलाकडून घोटून घ्यायचा असे. प्रश्न विचारणे, मतभेद होणे आणि कारण देऊन तो मिटवणे यांना तीत स्थान नव्हते.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर शाळांवर मॅट्रिकच्या परीक्षेची सत्ता आली आणि भूमिती म्हणजे युक्लिड असे समीकरण रूढ झाले. विधानांचे क्रमांक, त्यांची ठरावीक शब्दरचना आणि आकृतीवरील ठरावीक अक्षरे पाठ करणे ही भूमितीच्या अभ्यासाची ओळख बनली. खुद्द इंग्लंडमध्ये या पाठांतराविरुद्ध असंतोष होता. भूमितीचे अध्यापन सुधारण्यासाठी तेथे १८७१ मध्ये शिक्षकांची संघटना स्थापन झाली. १९०१ मध्ये जॉन पेरी यांनी प्रत्यक्ष मोजमाप आणि प्रयोग यांना शाळेत स्थान देण्याची आग्रही मागणी केली. आणि केंब्रिजने १९०३ मध्ये युक्लिडच्या क्रमाबाहेरील सिद्धताही मान्य केल्या. हॉल आणि स्टीव्हन्स यांनी याच सुमारास नव्या धाटणीचे भूमितीचे पुस्तक सिद्ध केले, आणि ते हिंदुस्थानातील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी वापरले. मोजपट्टी व कोनमापक यांनी वर्गात प्रवेश केला खरा, परंतु मोजण्याचा तास आणि सिद्धतेचा तास यांतील दरी पूर्णपणे बुजली नाही.

ती दरी का पडते याचे समर्पक उत्तर १९५७ मध्ये नेदरलँड्समधील उत्रेख्त विद्यापीठाला सादर झालेल्या दोन प्रबंधांनी दिले. पिएर व्हान हीले आणि डीना व्हान हीले-खेल्डोफ या शिक्षक दांपत्याने असे मांडले की, भूमितीचा विचार पायऱ्यापायऱ्यांनी विकसित होतो : मूल प्रथम आकृती एकसंध ओळखते, मग तिचे गुणधर्म पाहते, त्यानंतर त्या गुणधर्मांचे परस्परसंबंध जाणते आणि तेव्हाच त्याला सिद्धतेचा अर्थ कळतो. डीना यांनी सुमारे बारा वर्षांच्या मुलांच्या वर्गात फरशांच्या नक्षीवर काम करवून घेतले. नक्षीत मुलांना करवत आणि शिडी असे दोन आकृतिबंध दिसले. त्यांपैकी करवतीच्या दात्यांतून व्युत्क्रम कोनांची आणि शिडीच्या पायऱ्यांतून संगत कोनांची कल्पना उलगडली. शिक्षक आणि विद्यार्थी वेगवेगळ्या पायऱ्यांवरून बोलत असतील तर शब्द तेच राहूनही अर्थ पोहोचत नाही, हा या संशोधनाचा निष्कर्ष होता, आणि समान पायरीवरील सोबत्यांच्या संभाषणाचे महत्त्व त्यातूनच स्पष्ट होते.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) गणित शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत अनिवार्य करण्याची शिफारस केल्यानंतरच्या काळात, महाराष्ट्रात १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतून हा विषय गावोगावी पोहोचला. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मुलाच्या विचाराला गणिती वळण देणे हे ध्येय पुढे ठेवले आणि ज्ञानरचनावादाची, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान घडवते या विचाराची, चर्चा शाळाशाळांत सुरू झाली. सध्याच्या रचनेत सातवीत ‘कोन व कोनांच्या जोड्या’ आणि आठवीत ‘समांतर रेषा व छेदिका’ अशी प्रकरणे येतात. बेरीज ९० अंश असणारे ते कोटिकोन, १८० अंश असणारे ते पूरक कोन, आणि शिरोबिंदू व एक भुजा सामाईक असून ज्यांचे अंतर्भाग वेगळे असतात ते संलग्न कोन, अशा व्याख्या विद्यार्थ्याला येथे भेटतात.

या व्याख्या पाठ होतात, पण गोंधळ उरतो. रेषीय जोडीतील कोन पूरक असतात म्हणून प्रत्येक पूरक जोडी रेषीय असते, असे अनेक मुले समजतात, वास्तविक दोन पूरक कोन वेगवेगळ्या कागदांवरही असू शकतात. गटकार्याचा खरा उपयोग अशा ठिकाणी होतो. चौघांच्या गटात प्रत्येकाने छेदणाऱ्या दोन रेषा आपल्या मनाने काढल्या आणि चारही कोन मोजले, तर प्रत्येकाची मापे निराळी येतात, पण विरुद्ध कोन समान असल्याचे सर्वांना दिसते. कोणाला ६४ आणि ६५ अंश मिळाले की वाद होतो, आणि चूक मोजण्याची की नियमाची हा प्रश्न उभा राहतो. पहिला व दुसरा कोन मिळून १८० अंश, दुसरा व तिसरा मिळूनही १८० अंश, म्हणून पहिला व तिसरा समान असलेच पाहिजेत, हे एखाद्या मुलाने सोबत्यांना पटवून दिले की सिद्धतेची गरज वर्गातूनच निर्माण होते.

मात्र नुसते बाक जोडून बसवल्याने हे घडत नाही. ज्याला येते त्याने लिहायचे आणि इतरांनी उतरवून घ्यायचे असे झाले, तर जुन्या घोकंपट्टीचीच ती नवी आवृत्ती ठरते. प्रत्येकाच्या हाती वेगळी आकृती, सर्वांपुढे एकच प्रश्न आणि उत्तरासोबत कारण सांगण्याचे बंधन ही पथ्ये शिक्षकाने पाळली, तर मोजणीदाराचा हात, युक्लिडचा तर्क आणि सोबत्यांचा संवाद ही दीर्घकाळ वेगळी राहिलेली अंगे एकाच तासिकेत एकत्र येतात. दोनशे वर्षांच्या या इतिहासाने मराठी शाळेपुढे ठेवलेली ही संधी आहे, आणि ती साधणे बव्हंशी शिक्षकाने निवडलेल्या प्रश्नावर अवलंबून आहे.