काडेपेटी : विम्को नाका ते विमानतळ

अंबरनाथ पश्चिमेला रिक्षात बसून ‘विम्को नाका’ एवढे दोन शब्द उच्चारले की रिक्षावाला पुढचे काही विचारत नाही. विम्को म्हणजे काय, हे मात्र आजच्या तरुण रिक्षावाल्याला बहुधा सांगता येणार नाही. ‘वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी’ या लांबलचक इंग्रजी नावाचे ते आखूड रूप. कल्याण तालुक्यातले हे गाव तोवर शिलाहारांच्या शके ९८२ च्या शिवमंदिरासाठी ओळखले जाई. विसाव्या शतकाच्या पहिल्या पावात तिथे आधी धरमसी मोरारजींचा गंधकाम्लाचा कारखाना आला आणि पाठोपाठ हा काडेपेट्यांचा. देवळाच्या गावाची कारखान्यांचे गाव अशी ओळख होण्यात काडेपेटीचा वाटा मोठा आहे.

त्याच परिसरातला माणूस आज मुंबईच्या विमानतळावर उभा राहतो, तेव्हा सुरक्षा तपासणीच्या अलीकडच्या फलकावर काडेपेटीचे चित्र असते आणि त्यावर तांबडी काट. घरोघरी चुलीशेजारी, देव्हाऱ्यात आणि सदऱ्याच्या खिशात राहिलेली ही चिमुकली वस्तू धोकादायक मालाच्या यादीत कशी गेली, आणि ज्याचे तिच्यावाचून अडते त्या धूम्रपान करणाऱ्याने त्यावर काय वाट काढली, हे पाहण्यासारखे आहे.

काडेपेटी येण्याआधी आग ही जपून ठेवायची गोष्ट होती. रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकायचा आणि सकाळी तो विझलेला निघाला तर शेजारणीकडून विस्तव मागून आणायचा. पुरुषांच्या कनवटीला चकमक आणि कापूस असे. युरोपात १८३० नंतर घासली की पेटणारी काडी आली खरी, पण ती कशावरही पेटे, खिशातसुद्धा. शिवाय तिच्यातल्या पांढऱ्या फॉस्फरसाने कामगारांचे जबडे सडत. स्वीडनच्या गुस्टाफ एरिक पाश यांनी १८४४ मध्ये यावर तोड काढली. काडीच्या टोकाला पोटॅशियम क्लोरेट आणि पेटीच्या कडेला तांबडा फॉस्फरस, अशी त्यांनी आग दोन जागी वाटून टाकली. दोन्ही भेटल्याशिवाय ठिणगी नाही. पुढे योनशोपिंगच्या लुंडस्ट्रोम बंधूंनी हा माल जगभर नेला. ‘सेफ्टी मॅच’मधली सुरक्षितता ही अशी आहे. ही काडी मुळात निर्धास्तपणे खिशात बाळगता यावी म्हणूनच जन्माला आली, हे विमानतळाचा विचार करताना विसरू नये.

हिंदुस्थानात आधी स्वीडनचा आणि पहिल्या महायुद्धात मुख्यतः जपानचा माल येई. १८९५ मध्ये अहमदाबादेत देशी कारखाना निघाला होता आणि स्वदेशीच्या चळवळीत आणखी काही निघाले. त्यातले फार थोडे टिकले. चित्र पालटले ते १९२२ मध्ये. तिजोरी भरण्यासाठी सरकारने परदेशी काडेपेट्यांवरची जकात एका ग्रोसला दीड रुपया केली. ग्रोस म्हणजे १४४ पेट्या. जुन्या हिशेबाने पेटीमागे बरोबर दोन पै पडतात. आज ऐकायला हे क्षुल्लक वाटते, पण पेटीच्या त्या वेळच्या किमतीत दोन पै म्हणजे कंबरडे मोडणारा बोजा होता. बाहेरून माल आणणे परवडेना, तेव्हा स्वीडिश कंपनीने १९२३ मध्ये इथेच विम्को स्थापन केली आणि कल्याणच्या पुढे, ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या रुळांलगत अंबरनाथला कारखाना घातला. पुढे बरेली, कलकत्ता, मद्रास आणि आसामातही कारखाने झाले. १९२८ मध्ये टॅरिफ बोर्डाने ती जकात संरक्षक म्हणून कायम करण्याची शिफारस केली, आणि संरक्षक भिंतीच्या आत परदेशी कंपनी आधीच येऊन बसलेली होती! स्वदेशीच्या इतिहासातली ही गंमत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

या कंपनीच्या मागे ईवार क्रूगर हा माणूस होता. पहिल्या महायुद्धानंतर कर्जबाजारी झालेल्या सरकारांना त्याने पैसे उसने दिले आणि बदल्यात काडेपेटीचा मक्ता मागून घेतला. मार्च १९३२ मध्ये पॅरिसमध्ये त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि त्याचे साम्राज्य कोसळले. अंबरनाथचा कारखाना मात्र चालू राहिला.

तिथे काय होत असे? सावरीचा, म्हणजे आपल्या काटेसावरीचा, ओंडका यंत्रावर फिरवून त्याचा कागदासारखा पापुद्रा काढायचा आणि त्याच्या काड्या कापायच्या. मग त्या अमोनियम फॉस्फेटच्या पाण्यात भिजवायच्या. काडी विझल्यावर निखाऱ्यासारखी धुमसत राहू नये यासाठी. त्यानंतर ज्योत काडीवर चढावी म्हणून टोकाला मेण आणि शेवटी गुल. विझवलेली काडी कचऱ्यात टाकून आपण निर्धास्त होतो, ते त्या फॉस्फेटच्या पाण्याच्या जिवावर. ‘शिप’ आणि ‘होमलाइट्स’ ही विम्कोची नावे पन्नाशीच्या पुढच्या वाचकाला आठवत असतील.

विम्कोला खरे आव्हान दक्षिणेतून आले. शिवकाशीचे अय्या नाडर आणि षण्मुग नाडर हे दोघे १९२२ मध्ये कलकत्त्याला जाऊन ही विद्या शिकून आले आणि त्यांनी हातकामावर चालणारा धंदा उभा केला. १९३४ मध्ये काडेपेटीवर अबकारी कर बसला. ४०, ६० आणि ८० काड्यांच्या पेट्यांना वेगवेगळे दर. सरकार गरिबाच्या काड्या मोजू लागले ते तेव्हापासून. स्वातंत्र्यानंतर करसवलतींचे झुकते माप लहान कारखान्यांकडे गेले, आणि शिवकाशीत त्या सवलतीच्या सावलीत लहान मुलांचे हातही राबले, हेही नोंदले पाहिजे. २००५ मध्ये विम्को सिगरेटवाल्या आयटीसीकडे गेली. विडी-सिगरेट आणि काडी अशी एकाच घरात नांदू लागली.

आता प्रवासाकडे वळू. आगगाडीत धूम्रपानाचा प्रश्न १८९० च्या रेल्वे कायद्याने कलम ११० मध्ये सोडवला होता आणि तो मला आजही सभ्य वाटतो. राखीव डबा नसेल तर सहप्रवाशांच्या संमतीशिवाय धूम्रपान करू नये. केल्यास वीस रुपयांपर्यंत दंड. म्हणजे परवानगी द्यायची ती शेजारच्या माणसाने, सरकारने नव्हे. १९८९ च्या कायद्यात कलम १६७ आले, दंड शंभर रुपये झाला आणि डब्यात धूम्रपान बंद करण्याचा अधिकार थेट रेल्वेला मिळाला. तरी काडेपेटी खिशात असणे हा लोकलमध्ये कधी संशयाचा विषय झाला नाही. कल्याणच्या फलाटावर ‘माचिस आहे का?’ हा प्रश्न अनोळखी माणसाला निःसंकोच विचारता येई. वेळ विचारण्याइतकाच तो साधा होता. काडी देणारा बहुतेकदा स्वतःच पेटवून, ओंजळीत ज्योत धरून पुढे करी.

विमानातही एके काळी खुर्चीच्या हातात रक्षापात्र असे. १९३७ च्या विमान नियमांत पंचविसावा नियम धूम्रपानाचा आहे आणि त्याचा सूर ‘सूचना असेल तिथे ओढा’ असा होता. ११ जुलै १९७३ रोजी रिओहून पॅरिसला निघालेल्या वारिग कंपनीच्या बोइंग ७०७ च्या मागच्या शौचालयात आग लागली. वैमानिकांनी ओर्ली विमानतळाच्या अलीकडे शेतात विमान उतरवले, पण १३४ पैकी १२३ माणसे गेली, त्यातली बहुतेक धुराने. कचऱ्याच्या डब्यात पडलेले थोटूक हे संभाव्य कारण मानले गेले. त्यानंतर शौचालयात धूम्रपानबंदीची पाटी आली आणि दारावर रक्षापात्र सक्तीचे झाले. आज संपूर्ण बंदी असलेल्या विमानातही ते रक्षापात्र असते. त्याला कोणी हसते, पण नियम करणाऱ्याला माणूस ठाऊक होता. बंदी मोडणारा निघणारच; त्याने निदान थोटूक कागदांत टाकू नये. १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १ जुलै १९९६ पर्यंत आंतरराष्ट्रीय उड्डाणे धूरमुक्त करण्याचे आवाहन केले आणि ओढण्याचा प्रश्न जवळजवळ मिटला.

मग उरला बाळगण्याचा. या संघटनेच्या धोकादायक मालाच्या नियमांत सेफ्टी काडेपेटीचा क्रमांक १९४४ आणि लायटरचा १०५७. कुठेही घासून पेटणारी काडी, क्रमांक १३३१, साफ वर्ज्य. सेफ्टीची एक लहान पेटी किंवा एक लायटर मात्र प्रवाशाने अंगावर ठेवावा, सामानात नव्हे, असे हे नियम सांगतात. पहिल्यांदा ऐकले की हे उलटे वाटते. पण खिशात काही पेटले तर माणसाला तत्काळ कळते. पोटातल्या सामानात पेटले तर धूर वर येईपर्यंत कोणाला कळणार?

हा विचार अपघाताचा. घातपाताचा विचार वेगळा असतो. २२ डिसेंबर २००१ रोजी पॅरिसहून मायामीला जाणाऱ्या विमानात रिचर्ड रीड आपल्या बुटातली वात काडीने पेटवू पाहत होता. जळक्या काडीचा वास हवाई सेविकेला आला आणि प्रवाशांनी त्याला धरले. यातून अमेरिकेने धडा घेतला तो असा : १४ एप्रिल २००५ पासून विमानात लायटर बंद, काड्यांची चार पाकिटे मात्र चालतील. रीडने वापरली ती काडी! दिवसाला सुमारे २२,००० लायटर जप्त होऊ लागले, त्यांची विल्हेवाट लावण्याचा खर्च वाढला, आणि ४ ऑगस्ट २००७ पासून साधे लायटर पुन्हा चालू झाले. तपासनिसाने स्फोटके शोधावीत की लायटर, हा प्रश्न तिथे निदान विचारला गेला.

आपल्याकडे ‘कनिष्क’ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये नागरी विमान सुरक्षा ब्यूरो स्वतंत्र खाते झाले. कंदाहार प्रकरणानंतर २००० पासून विमानतळ केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जाऊ लागले. इथला नियम सोपा आहे : लायटर आणि काडेपेटी खिशात नाही, हातातल्या बॅगेत नाही, चेक-इनमध्येही नाही. यात झळ फक्त ओढणाऱ्याला बसत नाही. मुलाकडे अमेरिकेला निघालेल्या डोंबिवलीच्या आजींच्या पूजेच्या डब्यात वाती, कापूर आणि काडेपेटी एकत्र असतात. कापूरही ज्वलनशील मालातच मोडतो. मार्च २०२२ पासून सुके खोबरेही चेक-इन सामानातून बाद झाले. खोबऱ्यात तेल असते आणि ते आपोआप तापू शकते, म्हणून जागतिक यादीत त्याचाही क्रमांक आहे, १३६३. हे कारण खरे आहे, पण फराळाचे सामान उघडून दाखवताना ते कोणी सांगत नाही.

ओढणाऱ्यांनी आपापल्या वाटा काढल्या आहेत. टर्मिनलबाहेर शेवटची सिगरेट ओढून झाली की लायटर सोडायला आलेल्या टॅक्सीवाल्याला द्यायचा, किंवा कुंडीच्या कठड्यावर ठेवायचा. नुकता उतरलेला, रिकाम्या खिशाचा कोणी तो उचलतो. दहा रुपयांच्या लायटरचे फार दुःख नसते, पण वडिलांचा पितळी लायटर सवयीने खिशात राहिलेला माणूस रांगेत अडकला की त्याचा चेहरा बघवत नाही. काहीजण पाकिटात दोन काड्या आणि गुलाच्या पट्टीचा तुकडा दडवतात. तो चोरटेपणा मला पटत नाही, पण पाशसाहेबांनी वेगळी केलेली आग पुन्हा एका पाकिटात आणण्याची ही खटपट पाहण्यासारखी खरीच. २००८ च्या नियमांनी विमानतळांवर धूम्रपान कक्षाला मुभा ठेवली आहे. तशा कक्षात भिंतीला विजेचा लायटर बसवलेला असतो. तो बंद असला की पहिल्याच्या सिगरेटीवर दुसऱ्याने पेटवायची, आणि दुसऱ्याच्या तिसऱ्याने. निखारा विझू द्यायचा नाही, एवढेच काम तिथल्या अनोळखी माणसांना असते.

शौचालयात ओढणारे अजूनही सापडतात. मार्च २०२३ मध्ये लंडनहून मुंबईला आलेल्या विमानातला एक प्रवासी त्यासाठी अंधेरीच्या न्यायालयात उभा राहिला. जामिनासाठी २५,००० रुपये सांगितल्यावर तो म्हणाला की दंड संहितेच्या कलम ३३६ मध्ये दंड २५० रुपये लिहिला आहे, तेवढे भरतो. त्याचे वाचन चुकीचे नव्हते. न्यायालयाने त्याची रवानगी तुरुंगात केली.

त्याच वर्षी २९ जूनला केंद्र सरकारने वीस रुपयांखालच्या लायटरच्या आयातीवर बंदी घातली. मागणी होती तमिळनाडूतल्या काडेपेटीवाल्यांची, ज्यांनी चौदा वर्षे एका रुपयावर थांबलेली पेटी डिसेंबर २०२१ मध्ये दोन रुपयांवर नेली होती. १९२२ ची दोन पैची जकात तिजोरीसाठी होती आणि तिने अंबरनाथला स्वीडिश कारखाना आणला. ही बंदी शिवकाशीच्या पेटीसाठी आहे.