रोबोसाठी ऑपरेटिंग सिस्टीम निवडताना

गेल्या हिवाळ्यात रास तनुरातल्या आमच्या बैठकीच्या खोलीत मुलीने आणि मी बनवलेला रोबो फिरू लागला. दोन मोटारी, कॅमेरा, अंतर मोजणारा सेन्सर आणि लिनक्सवर चालणारा रास्पबेरी पाय. एका शुक्रवारी पाहुण्यांसमोर तो थेट शोकेसवर आपटला. सौ. काही बोलली नाही, ते जास्त लागलं. नोंदी पाहिल्या तर सेन्सरला शोकेस वेळेत दिसलं होतं. पण नेमकं तेव्हाच लिनक्स कॅमेऱ्याची चित्रं साठवण्यात गुंतलं होतं.

"बाबा, दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकू या?"

मंडळी, यावरून मला १९९७ सालचं पाथफाइंडर आठवलं. ४ जुलैला ते मंगळावर उतरलं आणि काही दिवसांतच त्याचा संगणक पुन्हा पुन्हा रीसेट होऊ लागला. त्यावर व्हीएक्सवर्क्स होती, म्हणजे वेळ पाळण्यासाठीच बनवलेली सिस्टीम! झालं असं की हवामानाची माहिती गोळा करणारं कमी महत्त्वाचं काम एक सामाईक कुलूप धरून बसे, मधल्या महत्त्वाची कामं त्याला बाजूला सारत आणि त्या कुलपासाठी सर्वांत महत्त्वाचं काम ताटकळत राही. ते वेळेत झालं नाही की पहारेकरी प्रोग्राम सगळं नव्याने सुरू करी. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर तोच घोळ घडवून आणला आणि एक सेटिंग बदलून मंगळावर पाठवलं. कुलूप धरणाऱ्याला तेवढ्यापुरता ताटकळणाऱ्याचा मान द्यायचा, एवढंच. सिस्टीम तीच राहिली. त्याच्या पोटातून उतरलेल्या सोजर्नर या छोट्या गाडीचा ८०सी८५ प्रोसेसर मात्र साध्या, एकामागून एक काम करणाऱ्या प्रोग्रामवर चालत होता.

आपल्या पवईच्या आयआयटीत ई-यंत्र उपक्रमात मुलं ज्यावर शिकली, तो फायरबर्ड-५ रोबोही असाच. एटमेगा २५६० चिप, ८ किलोबाइट रॅम, ऑपरेटिंग सिस्टीम नाहीच! पण त्यावर कॅमेऱ्याचं काम होणं कठीण. कॅमेऱ्यासाठी लिनक्स हवं, आणि रॉस हवं तर बहुतेक वेळा उबुंटू. रॉसच्या नावात ऑपरेटिंग सिस्टीम असली तरी ते लिनक्सच्या वर बसतं. उबुंटू कोणतं, हेही तेच ठरवतं. आमचं जुनं नोएटिक २०.०४ वरचं, त्याचा पाठिंबा मे २०२५ मध्ये संपला, म्हणून आता २४.०४ आणि जॅझी. नोव्हेंबर २०२४ च्या लिनक्स ६.१२ मध्ये वेळेची हमी देणारी सोय मूळ गाभ्यात आली, सुमारे वीस वर्षांच्या खटपटीनंतर. ती वापरायचा मोह मला झाला होता, खोटं कशाला बोलू?

पण आमच्या गावची रिफायनरी रोज डोळ्यांसमोर असते. अशा कारखान्यांत झडपा सांभाळणारी यंत्रणा आणि कचेरीतले संगणक वेगळे ठेवतात. मग आम्हीही एटमेगा २५६० चाच एक आर्डुइनो मेगा आणला. मोटारी आणि सेन्सर त्याच्याकडे. अर्धा सेकंद पायकडून निरोप आला नाही, तर तो स्वतःच गाडी थांबवतो. कॅमेरा आणि नकाशा लिनक्सकडे.

शोकेसची काच अजून दम्मामहून आणायची आहे.