दापोलीचे निवृत्त सैनिक आणि अस्पृश्यांची सार्वजनिक चळवळ

सैन्यात नोकरी करून पुढे लोकजीवनात नाव मिळविलेल्या पुरुषांच्या चरित्रांत त्यांच्या सैनिकी आयुष्याचा उल्लेख बहुधा एकदोन वाक्यांत आटोपतो. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील आरंभीच्या पुढाऱ्यांच्या बाबतीत मात्र ही नोकरी हाच त्यांच्या सार्वजनिक कार्याचा पाया होता. रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे.

पेशवाईच्या अस्तानंतर इंग्रजांनी दापोलीस लष्करी ठाणे केले. 'काप दापोली' हे नाव त्या कँपाचीच आठवण होय. पुढे फौज उठली, तरी पेन्शनर सैनिकांची वस्ती तेथे राहिली. मुंबई इलाख्याच्या सैन्यात कोकणातील महार शिपायांचा भरणा मोठा होता. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईतील स्मारकस्तंभावर महार शिपायांची नावे कोरलेली आहेत. गावात ज्याला विहिरीचे पाणी मिळत नसे, त्याला पलटणीत नियमित पगार, हुद्दा व म्हातारपणी पेन्शन मिळे. शिवाय पलटणीच्या शाळेत त्याच्या मुलांना अक्षरओळख होई. साक्षरता आणि गावकीवर अवलंबून नसलेले उत्पन्न या दोन गोष्टी त्या काळी त्या समाजास अन्यत्र एकत्र मिळणे जवळजवळ अशक्यच होते.

या परिस्थितीतून पुढे आलेला पहिला ठळक पुरुष म्हणजे गोपाळबाबा वलंगकर. महाडजवळील रावढूळचे हे गृहस्थ १८८६ साली सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीस राहिले. जोतीराव फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. १८८८ साली त्यांनी विटाळाच्या कल्पनेचे खंडन करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली आणि वृत्तपत्रांतूनही लेखन केले. दापोलीस त्यांनी 'अनार्य दोषपरिहारक मंडळी' स्थापन केली. १८९५ साली महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्या पंक्तीस बसण्यास उच्चवर्णीय सभासदांनी हरकत घेतली. सरकारी हुद्द्याने मिळालेला मान गावाच्या वेशीपाशी कसा थांबत असे, हे या एका प्रसंगावरून दिसून येते.

याच सुमारास मोठा आघात झाला. लढाऊ व बिनलढाऊ जाती असा भेद मानणाऱ्या लष्करी धोरणानुसार १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद करण्यात आली. ज्यांच्या वाडवडिलांनी लढाया मारल्या, त्यांना लढण्यास नालायक ठरविण्यात आले! ही भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून वलंगकरांनी १८९४ साली अर्ज तयार केला. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी १९०४ व १९१० साली हीच मागणी पुढे मांडली. या चळवळीच्या आरंभीच्या राजकीय मागण्यांत लष्करभरतीस इतके महत्त्व का, याचे उत्तर पेन्शनरांच्या या वस्त्यांतच सापडते.

दापोलीस काही काळ राहिलेले दुसरे निवृत्त सैनिक म्हणजे मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावचे सुभेदार रामजी सकपाळ. लष्करी शाळेत त्यांनी अनेक वर्षे मुख्याध्यापकाचे काम केले होते. त्यांचे पुत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत याच इतिहासाची आठवण करून दिली. हा प्रदेश एके काळी आपल्या समाजातील शिकलेल्या व अधिकारसंपन्न लोकांनी गजबजलेला होता आणि लष्कराचे दार बंद झाल्याने त्याला उतरती कळा लागली, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. १९३० च्या गोलमेज परिषदेतही, सैन्याचे दार आम्हांस आज तरी उघडे आहे काय, असा प्रश्न त्यांनी विचारला.

हे दार उघडले ते गरजेपुरतेच. पहिले महायुद्ध चालू असता १९१७ साली १११ वी महार पलटण उभारण्यात आली आणि १९२१ साली ती मोडण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, महार रेजिमेंटची स्थापना झाली. त्याच वर्षी आंबेडकरांची राष्ट्रीय संरक्षण मंडळावर नेमणूक झाली होती. ही रेजिमेंट मात्र टिकली आणि स्वतंत्र भारताच्या सैन्यात तिला कायमचे स्थान मिळाले.

या सर्व घटनांकडे इंग्रजांचा उपकार म्हणून पाहणे इतिहासास धरून होणार नाही. साम्राज्याला शिपाई हवे होते आणि गरज सरताच त्यांना बाजूस सारण्यात आले. परंतु देणाऱ्याचा हेतू एक आणि घेणाऱ्याने केलेला उपयोग निराळा, असे इतिहासात अनेकदा घडते. पलटणीत मिळालेली अक्षरे वलंगकरांनी विटाळाविरुद्ध वापरली, तर सुभेदारांनी ती मुलाच्या शिक्षणासाठी खर्ची घातली. महाडच्या तळ्यावर १९२७ साली जे घडले, त्याच्या कारणांचा शोध घेताना अभ्यासकाला दापोलीच्या या पेन्शनरांच्या ओसरीवर काही काळ थांबावे लागेल.