ऑर्कुटचं अंगण ओस का पडलं?

माणसं गाव सोडतात, तशी इंटरनेटवरची वस्तीही सोडतात. आपल्याकडचं ठळक उदाहरण ऑर्कुटचं. गुगलने ते जानेवारी २००४ मध्ये सुरू केलं. घडवणाऱ्या तुर्की अभियंत्याचं नावच ऑर्कुट. सुरुवातीला सभासदाचं निमंत्रण लागे. गंमत अशी, की घर अमेरिकेत बांधलं आणि गर्दी केली ती ब्राझील नि भारताने.

मांजराकाठच्या कळंबसारख्या तालुक्याच्या गावी ते पोचलं सायबर कॅफेतून. तासाचे पैसे मोजायचे, त्यात भारनियमन. वीज गेली की अर्धवट लिहिलेला 'स्क्रॅप' गेलाच. लातूर-पुण्याला शिकायला गेलेल्या मित्राची खुशाली रोमन लिपीतल्या मराठीत विचारायची. स्क्रॅपबुक म्हणजे गावचा पार. कोण कोणाला काय म्हणालं, सगळं उघड. तीच मजा होती, पुढे तीच अडचण झाली. वर्गमित्रांमागून चुलते आले, मास्तर आले, मुलींना नको ते निरोप येऊ लागले. समूहांत भांडणं पेटली. ऑक्टोबर २००६ मध्ये भारतद्वेष पसरवणाऱ्या एका समूहावरून औरंगाबाद खंडपीठाने गुगलला नोटीस बजावण्याचे आदेश दिले. कळंबकरांचंही हायकोर्ट तेच!

तरीही लोक रागावून निघून गेले, हे मला पटत नाही. 'कॉमस्कोर'च्या मोजणीनुसार जुलै २०१० मध्ये भारतात फेसबुककडे सुमारे २ कोटी ९ लाख लोक आले, ऑर्कुटकडे १ कोटी ९९ लाख. पण वर्षभरात ऑर्कुटची वर्दळ घटली नव्हती, उलट थोडी वाढलीच होती. म्हणजे लोकांनी आधी दुसरीकडे खातं उघडलं, पहिलं तसंच ठेवलं. मग तिथे रोजऐवजी आठवड्याने डोकावणं, पुढे महिन्याने. उत्तर येईना म्हणून एकाने लिहिणं थांबवलं; त्यामुळे दुसऱ्याला उत्तर मिळेना. पाठोपाठ व्हॉट्सअॅप आलं नि गप्पा पारावरून माजघरात गेल्या.

ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं. फोटो, स्क्रॅप, मित्रांनी एकमेकांविषयी लिहिलेली 'टेस्टिमोनियल्स' उतरवून घ्यायला सप्टेंबर २०१६ पर्यंत मुदत होती. पण आठवण यायला तिकडे कोणी फिरकत होतं का? समूहांतल्या जुन्या चर्चा काही काळ वाचायला ठेवल्या होत्या, त्याही २०१७ मध्ये काढल्या. त्या पिढीने विशीत एकमेकांना काय लिहिलं, हे आता सापडलंच तर कॅफेत काढलेल्या एखाद्या प्रिंटवर सापडेल.