यंत्राचे अनुमान आणि लिस्प भाषा

पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी असला पाहिजे, हे अनुमान आपल्याकडील तर्काच्या विद्यार्थ्याला पहिल्याच पाठात भेटते. हेच अनुमान यंत्राकडून करवून घ्यावयाचे, तर त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलावे? १९५८ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये जॉन मॅकार्थी या तरुण गणितज्ञांनी या प्रश्नाला हात घातला आणि त्यातून लिस्प ही संगणकभाषा जन्मास आली.

त्या काळचे संगणक मुख्यतः आकडेमोडीत गुंतलेले. १९५७ साली प्रचारात आलेली फोर्ट्रान ही भाषा सूत्रे सोडविण्यात तरबेज. परंतु 'धूर', 'अग्नी' अशा चिन्हांशी तिचे फारसे सख्य नव्हते. न्यूवेल, शॉ आणि सायमन या त्रयीने चिन्हांच्या याद्यांवर चालणारी एक भाषा घडविली होती खरी, पण ती यंत्राच्या बोलीला इतकी चिकटलेली की लिहिणाराचा जीव मेटाकुटीस यावा. मॅकार्थींनी याद्यांची कल्पना तेथून उचलली आणि तिला गणितातील फलनाची जोड दिली. यादीची लांबी किती? यादी रिकामी असेल तर शून्य. नसेल तर पहिला घटक वगळून उरलेल्या यादीची लांबी, अधिक एक. व्याख्या सांगितली की हिशेब झालाच! फलने लिहिण्यासाठी लॅम्डा ही खूण त्यांनी अलोन्झो चर्च यांच्याकडून घेतली. मात्र चर्च यांच्या पुस्तकाचा उरलेला भाग आपल्याला उमगला नव्हता, असे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगून टाकले.

लिस्पचे खरे मर्म निराळेच आहे. तिच्यात माहिती ही यादी, आणि आज्ञावली हीही यादीच. त्यामुळे एक आज्ञावली दुसरी वाचू शकते, तिच्यात फेरबदल करू शकते, नवी रचूही शकते. ही भाषा सर्व गणनांना पुरेशी आहे हे दाखविण्यासाठी मॅकार्थींनी लिस्पमध्येच लिस्पचा अर्थ लावणारे एक फलन कागदावर मांडले. १९६०च्या त्यांच्या विख्यात निबंधात ते आहे. त्यांचे सहकारी स्टीव्ह रसेल म्हणाले, हे यंत्रावर का चढवू नये? मॅकार्थींना ही तत्त्व आणि व्यवहार यांची गल्लत वाटली. रसेल यांनी ते आयबीएम ७०४ या यंत्राच्या बोलीत उतरविले, आणि लिस्प खरोखरच चालू लागली.

फळ लवकरच दिसले. १९६१ साली जेम्स स्लेगल यांच्या लिस्पमधील आज्ञावलीने चिन्हरूप संकलनाच्या ८६ उदाहरणांपैकी ८४ सोडविली.

मॅकार्थींचे मूळ स्वप्न मात्र याहून मोठे होते. वस्तुस्थिती साध्या विधानांत सांगावी आणि काय करावे ते यंत्राने स्वतः अनुमानाने काढावे, अशी 'सल्ला घेणारी' आज्ञावली त्यांनी १९५८ साली योजिली होती. उदाहरण घरगुतीच: मी घरी मेजापाशी आहे, मोटारही घरीच आहे, विमानतळावर जावयाचे आहे, तर प्रथम काय करावे? माणसाला क्षुल्लक वाटणारे हे ज्ञान यंत्राला पुरविणे किती जिकिरीचे, हे पुढील अनेक दशकांत कळून आले. केवळ लिस्पसाठी बांधलेल्या यंत्रांचा बाजार १९८७च्या सुमारास कोसळला. आजची बोलकी यंत्रे तर विधानांऐवजी अब्जावधी आकड्यांवर चालतात. उत्तर चटकन देतात, पण ते कोणत्या पायऱ्यांनी आले हे त्या आकड्यांतून वाचणे दुरापास्त. मॅकार्थींच्या योजनेत प्रत्येक पायरी माणसाला वाचता आली असती. २०११ साली ते निवर्तले, तोवर तरी ती योजना पूर्णत्वास गेली नव्हती.